बैलाचे दात आणि दाढा : पारख, दुखणी व उपाय

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पत्रिकेत आम्ही एरवी बेणे, लागण, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. ऊस शेतात कितीही चांगला पिकला तरी तो गव्हाणीपर्यंत पोचावा लागतो. आपल्या भागात ट्रॅक्टर वाढले हे खरे, पण चिखलाच्या वाटेने आणि कालव्याच्या कडेने फडातून ऊस बाहेर काढायला अजून टायरगाडी आणि बैलजोडीच लागते. त्या बैलाचे खूर आपण बघतो, खांदा बघतो, शिंगे रंगवतो. त्याच्या तोंडात मात्र आपण आयुष्यात एकदाच डोकावतो. बाजारात विकत घेताना. नंतर कोण बघतो?

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. पौष महिना, कडाक्याची थंडी. गाडीतळावर रात्रीच्या गाड्या लागल्या होत्या. सिद्धेश्वर गटातले एक वयस्कर सभासद गाडीजवळ शेकत बसले होते. आम्ही सहज विचारले, "मामा, जोडीतला एक बैल एवढा का उतरलाय?" ते म्हणाले, "थकला साहेब आता. खात नाही, ओढत नाही. हंगाम झाला की बाजार दाखवायचा."

आम्ही कंदील धरून बैलाचा ओठ बाजूला केला. आठही दात जुळलेले, कडा अजून धारदार. म्हणजे जनावर पाच-सहा वर्षांचे. या वयात बैल थकतो कसा? खाली पाहिले तर वैरणीत लिंबाएवढे ओले बोळे पडलेले. तोंडात घास घ्यायचा, दोन-चार वेळा चावायचा आणि टाकून द्यायचा, असे चालले होते. सकाळी पशुवैद्यक डॉक्टर आले. त्यांनी तोंड उघडे ठेवणारे साधन लावून बॅटरीने आत पाहिले. टाळूला आडवी, दोन बाजूंच्या दाढांमध्ये, तुरीच्या काडीची बोटभर फोड घट्ट अडकून बसली होती. आजूबाजूला मांस सडून घाण वास सुटला होता. काडी निघाली, जखम धुतली, औषध दिले. दहा-बारा दिवसांत बैल जुवाखाली आला. मामा म्हणाले, "साहेब, मी तर याला विकून बसलो असतो."

एका काडीपायी धट्टाकट्टा बैल बाजारात उभा राहणार होता. म्हणून हा लेख.

तोंडात काय काय असते

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तिथे कडक गादी असते. खालच्या जबड्यात पुढे आठ दात, आणि मागे वर-खाली, दोन्ही बाजूंना सहा-सहा मिळून चोवीस दाढा. एकूण ३२. वासराला दुधाचे दात वीस असतात: पुढचे आठ आणि बारा दाढा. पुढचे दात आणि जीभ चारा ओढून घेतात. दळणाचे खरे जाते म्हणजे दाढा. बैल घाईघाईने गिळतो आणि नंतर निवांत बसून रवंथ करतो. निरोगी जनावर दिवसाकाठी सहा ते आठ तास रवंथ करते आणि एकेक घास साधारण चाळीस ते साठ वेळा चावते. जाते बिघडले की पीठ जाडेभरडे निघते, तसेच दाढ दुखली की चारा नुसता पोटातून जातो, अंगी लागत नाही. मग पेंड कितीही वाढवा, बैलाच्या बरगड्या दिसतच राहतात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. बैलाचे पुढचे दात बोटाने दाबले तर थोडे हलतात. हे दुखणे नव्हे. वरची गादी फाटू नये म्हणून निसर्गानेच ते जरा सैल बसवले आहेत. "दात हलतो, बैल गेला" असे सांगून औषध विकणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

दातांवरून वय

हे आपल्यापैकी पुष्कळांना आमच्यापेक्षा जास्त कळते, तरी तरुण सभासदांसाठी लिहितो. दुधाचेच दात असतील तो आदत. मधली जोडी पडून रुंद पक्के दात आले की दोनदाती, वय साधारण दोन-अडीच वर्षे. चारदाती तीन वर्षांच्या आसपास, सहादाती साडेतीन-चारला, आणि साडेचार-पाचला आठही दात येऊन बैल जुळतो. आपल्या लाल कंधारी, देवणी जनावरांत दात जरा उशिरा येतात, संकरितात थोडे लवकर. खाणेपिणे कसे आहे यावरही पाच-सहा महिने मागेपुढे होतात. जुळल्यानंतर वय झिजेवरून ओळखायचे. कडा सपाट होतात, दातांत फटी पडतात, आणि दहा-बारा वर्षांनंतर नुसती खुंटे उरतात.

दात बदलण्याचा काळ आणि बैल कामाला शिकवण्याचा काळ एकच असतो, हे ध्यानात ठेवा. दुधाचा दात सुटताना हिरडी सुजते, गोऱ्हा आठ-दहा दिवस कडबा टाळतो. आपण समजतो, नाटक करतो. त्या दिवसांत हिरवी वैरण किंवा बारीक कुट्टी द्यावी आणि ओझे हलके ठेवावे. कधी दुधाच्या दाढेचा तुकडा नव्या दाढेवर टोपीसारखा अडकून राहतो. तोही डॉक्टर सहज काढतात.

दुखणे ओळखायचे कसे

जनावर बोलत नाही, पण गव्हाण बोलते. पुढील खुणा सकाळी वैरण टाकताना उभे राहून पाहा.

१. चघळलेल्या चाऱ्याचे बोळे गव्हाणीत पडलेले.
२. मान एका बाजूला कलवून, एकाच बाजूने चावणे. दुसऱ्या गालात चारा साठून फुगवटा दिसणे.
३. तोंडातून लाळेची तार, आणि लाळेला कुजका वास.
४. थंड पाणी पिताना दचकून तोंड मागे घेणे.
५. शेणात बोटभर लांबीच्या काड्या आणि न दळलेले दाणे.
६. भूक दिसते, गव्हाणीकडे येतो, हुंगतो, पण कडबा सोडून फक्त मऊ तेवढे वेचून खातो.
७. जबड्यावर किंवा डोळ्याखाली एकाच बाजूला गाठ.

यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर तोंड तपासायला हवे. बैल दाव्याला बांधून, एका ओळखीच्या माणसाने वेसण धरावी. दुसऱ्याने ओठ बाजूला करून पुढचे दात, हिरडी आणि वरची गादी पाहावी. मग दोन्ही तळवे दोन गालांवर बाहेरून ठेवून हलके दाबत न्यावे. ज्या बाजूला दाढेची कड टोचत असेल तिथे बैल मान झटकतो. याच्या पुढे आपण जायचे नाही. दाढांमध्ये हात घालू नये. बैलाच्या जबड्यात बोट सापडले तर ते सलामत निघत नाही. आणि दुसरे कारण याहून मोठे आहे.

लाळ गळते म्हणून हात घालू नका

ही गोष्ट आमच्या नोकरीच्या सुरुवातीची, दुसऱ्या गटातली. लिहिताना आजही संकोच वाटतो, पण लिहितो. एका सभासदाची गाय लाळ गाळत होती, पाणी गिळता येत नव्हते. घशात काहीतरी अडकले असावे असे सगळ्यांचे मत पडले. आम्ही कृषी पदविकावाले, चार माणसांत शहाणे. बाह्या सारून हात घातला आणि चाचपडून पाहिले. काहीच सापडले नाही. दुसऱ्या दिवशी गाय विचित्र घोगऱ्या आवाजात हंबरू लागली, मागच्या पायांनी लटपटू लागली, आणि चौथ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी सांगितले, पिसाळण्याची लक्षणे आहेत. मग आठवले की महिनाभरापूर्वी वस्तीवर एक कुत्रे शिरले होते. आमच्यासह घरातल्या पाच जणांनी लस घेतली. ते दिवस कसे काढले ते आमचे आम्हालाच ठाऊक. बोटावर खुरप्याची ताजी जखम होती!

रेबीज झालेले जनावर पुष्कळदा 'घशात अडकल्यासारखेच' दिसते. हा रोग एकदा अंगावर दिसू लागला की त्यावर इलाज नाही, माणसातही नाही. म्हणून लाळ गळणाऱ्या, न गिळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात कधीही घालू नका. घातलाच असेल तर हात साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस वेळेवर घेतली तर माणूस वाचतो. उशीर केला तर नाही.

लाळेचे आणखी एक कारण म्हणजे लाळ्या-खुरकूत. त्यात ताप येतो, जिभेवर व हिरडीवर फोड येतात आणि खुरांच्या बेचक्यातही जखमा होतात. एकाच वेळी दोन-चार जनावरे लंगडू लागली तर दाढ शोधत बसू नये. ते जनावर वेगळे बांधावे. यावर उपाय म्हणजे वर्षातून दोनदा लस. हंगामात शेकडो बैल एका गाडीतळावर, एका हौदावर येतात. एकाची कुचराई सगळ्यांना भोवते.

गाठ कुठे आहे, कशी आहे

जबड्याभोवती सूज दिसली की आपल्याकडे पहिला उपाय सुचतो तो डाग देण्याचा. डागाने कातडी जळते, दाढेच्या मुळातला पू तिथेच राहतो. जनावराला दोन दुखणी होतात. त्यापेक्षा गाठ बोटाने दाबून पाहावी.

गाठ दगडासारखी कठीण, हाडालाच चिकटलेली, हळूहळू वाढणारी असेल तर तो बहुधा जबड्याच्या हाडाचा जंतुरोग असतो. काटेरी, राठ चाऱ्याने झालेल्या जखमेतून किंवा दात येताना उघड्या झालेल्या हिरडीतून जंतू हाडात शिरतात. वेळेवर डॉक्टरांनी आयोडीनयुक्त औषध शिरेतून आणि प्रतिजैविके दिली तर वाढ थांबते. उशीर झाला तर हाड पोखरते आणि दाढा सैल होतात. याच जातीचा दुसरा रोग जिभेला होतो. जीभ लाकडासारखी ताठ होते, बाहेर लोंबते. त्याला औषध फार चांगले लागू पडते, म्हणून जीभ ताठ झालेल्या जनावराची आशा सोडू नये.

खालच्या जबड्याच्या मधोमध मऊ, पाणी भरल्यासारखी सूज असेल आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर तो दाताचा रोग नव्हे. यकृतातल्या चपट्या कृमींनी किंवा पोटातल्या जंतांनी रक्त कमी झाल्याची ती खूण असू शकते. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली आपले सिद्धेश्वर, अशी दोन धरणे झाली, १९६० च्या दशकात कालव्यांचे पाणी आले आणि शिवार हिरवे झाले. पण कालव्याच्या पाझराने जिथे डबकी साचतात तिथे गोगलगायी वाढतात, आणि याच कृमींचे पिल्लू गोगलगायीच्या अंगात वाढून गवतावर चढते. अशा डबक्याकाठी जनावरे चारू नयेत. शेण तपासून जंतांचे औषध द्यावे.

पावसाळ्यात एकाएकी घसा सुजला, सूज गरम आहे, ताप आहे, घरघर आहे, तर तो घटसर्प. तिथे तासातासाचा हिशेब असतो. ताबडतोब डॉक्टर बोलवावा.

वाढे आणि पाणी

आता आमच्या खात्याचा विषय. हंगामात वाढे फुकट मिळते म्हणून चार-पाच महिने बैल, गाई, वासरे सगळी वाढ्यावरच राहतात. वाढ्यात ऑक्झलेट असते. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून शेणावाटे बाहेर नेते. मोठ्या बैलाचे दात एकदा आले की आलेच, पण वाढत्या गोऱ्ह्याचे आणि कालवडीचे जबडे, दात, हाडे त्याच वेळी घडत असतात. गाभण व दुभत्या जनावरांचीही झीज होते. म्हणून नुसते वाढे टाकू नये. कुट्टी करून त्यात कडबा, तुरीचे वा हरभऱ्याचे भुसकट मिसळावे. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. मोठ्या जनावराला रोज साधारण पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर नव्हे तर मूठभर मीठ द्यावे. कुट्टीचा दुसरा फायदा असा की काड्या अडकत नाहीत, हिरड्या सोलत नाहीत.

पाण्याचेही असेच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात घडण्याच्या वयात असे पाणी पोटात गेले तर दात खडूसारखे पांढरे, पुढे तपकिरी चट्ट्यांचे होतात आणि वेडेवाकडे झिजतात. नंतर सांधे धरतात. झालेली हानी भरून येत नाही. एकाच गोठ्यातल्या दोन-तीन तरुण जनावरांचे दात असे दिसले तर बोअरचे पाणी तपासून घ्यावे आणि वासरांना विहिरीचे वा कालव्याचे पाणी पाजावे. तेच पाणी घरातली पोरेही पितात, हे विसरू नये.

उपाय

दाढेची टोचणारी कड डॉक्टर खास कानशीने घासून देतात. सैल वा किडलेली दाढ भूल देऊन काढतात. गाठीतला पू योग्य जागी वाट करून बाहेर काढतात. हे घरी पक्कड-कानस घेऊन करण्याचे काम नाही. जबडा मोडल्याची उदाहरणे आहेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाता येत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून मदत मागता येते. अवघड केस असेल तर परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला लांब नाही.

उपचारानंतर आठ-दहा दिवस भिजवलेली पेंड, कण्या, हिरवी मका, बारीक कुट्टी द्यावी. तोंड मिठाच्या कोमट पाण्याने किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवावे. जू लावू नये. म्हाताऱ्या बैलाला तर कायमच मऊ वैरण हवी. दात असताना त्याने आपल्या शेतात मिळेल ते खाऊन ओढले. आता दात नाहीत तेव्हा चणे दळून घालणे आपले काम.

पोरांच्या सशाबद्दल दोन शब्द

काही सभासदांच्या घरी मुलांनी पांढरे ससे पाळले आहेत. त्यांच्यासाठी थोडेसे. सशाचे दात बैलासारखे नसतात. त्याला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चावून ते झिजावे अशी योजना आहे. आपण लाडाने पोळी, बिस्किट, गूळ, गाजर घालतो, मग दात झिजत नाहीत, वाकडे वाढून गालात-जिभेत रुततात. हनुवटी ओली, डोळ्यांतून पाणी, लेंड्या बारीक व कमी, ही त्याची लक्षणे. सशाने बारा तास काही खाल्ले नाही तर ती तातडीची वेळ समजावी, कारण त्याचे आतडे थांबते. नखे कापायच्या कात्रीने दात कापू नये, दात उभा चिरतो. डॉक्टर यंत्राने घासून देतात. आणि माणसाच्या कपाटातली अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिनसारखी गोळी तोंडाने कधीही देऊ नका. त्याने आतड्यातले चांगले जंतू मरून ससा दगावतो. हिरवे-वाळके गवत दिवसभर समोर ठेवणे हाच खरा उपाय.

ऊसतोडीत फडात रानसशाची पिल्ले सापडतात. ती घरी आणू नयेत. आई त्यांना टाकून गेलेली नसते, ती दिवसातून एखाद्या वेळी, बहुधा अंधार पडल्यावर पाजायला येते. पिल्लू शेजारच्या बांधाच्या आडोशाला ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानससा पाळणे गुन्हाही आहे.

शेवटी

आमची एक सूचना आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण तूप-हळदीने बैलाचा खांदा मळतो. त्याच वेळी त्याचा ओठ बाजूला करून दात पाहावेत, गालांवरून हात फिरवावा, शेणात काड्या आहेत का बघावे. हंगाम सुरू व्हायला तेव्हा दोन महिने असतात, दुखणे असेल तर बरे व्हायला तेवढा वेळ पुरतो. आणि हंगामात गाडी लावताना बैल वैरण टाकतोय असे दिसले तर आमच्या कृषी सहायकाला किंवा चिटबॉयला तिथल्या तिथे सांगा. ते डॉक्टरांना निरोप देतील.

सिद्धेश्वर गटातल्या त्या मामांचा बैल याही हंगामात गाडीला आहे. परवा भेटले तेव्हा आम्ही विचारले, "मामा, बाजार कधी?" ते हसले आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता रोज तोंड बघतो साहेब. तुरीची काडी गव्हाणीत येऊच देत नाही."